दोन माणसांचा राजमा

आचारीमामांना शंभराच्या खाली मोजता येत नसे. शाळा सातवीपर्यंत झाली होती, बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे, पंचांगही ते वाचत. पण गोष्ट खाण्याची आली की त्यांचे आकडे शंभरापासून सुरू होत. माझी कळंबला बदली झाली आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने मागायला मी गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती मानसं?"

"एकटाच आहे," मी म्हणालो.

मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "एका मानसाचा सैपाक? थो कसा काय करता बाप्पा तुमी? हातच चालत नसन."

मी सरकारी मोजणीदार. आमच्याकडे आम्हाला मोजणीवाले म्हणतात, आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं हा आमच्या नोकरीचाच भाग असतो. त्यामुळे स्वभाव तिरसट झालेला. कुणी अघळपघळ बोललं की याला टेप लावून दाखवावी असं मला वाटतं. मामा तर अघळपघळपणाचे महामेरू, पण त्यांनी मला पहिल्याच दिवशी आपल्या बिरादरीत घेऊन टाकलं. "तुमी वावर मोजता, मी पंगत मोजतो. काम एकच हाये, साहेब." आणि ते खरंच मोजत. मंडपाच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहिले की सांगत, "सव्वाचारशे पान. नवरदेवाकडची एक गाडी अजून याची हाये." एकदा मी मुद्दाम उष्ट्या पत्रावळी मोजल्या. चूक सापडली नाही, याचा मला थोडा रागच आला.

तालुक्यातलं लग्न, बारसं, तेरवी, भंडारा, काहीही मामांच्या गंजांशिवाय होत नसे. मोठ्या पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. मामांचे गंज असे होते की एखाद्या घरातल्या सगळ्या नातवंडांची त्यात एकदम अंघोळ व्हावी. नाव मात्र झालं होतं ते राजम्यामुळे. तरुणपणी मामा वणीजवळच्या राजूरला खाणकामगारांच्या एका खानावळीत सात वर्षं होते. तिथे जेवायला येणारे बरेचसे उत्तरेकडचे. त्यांना वरण-भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटायचं. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या कामगाराकडून मामा राजमा-भात शिकले आणि त्यात आपल्याकडच्या तिखटाची भर घालून तो कळंबला घेऊन आले. पहिल्यांदा लोकांनी ते लाल दाणे पाहून विचारलं म्हणे, "हे काय, बरबटीचा बाप हाये काय?" बरबटी म्हणजे आमच्याकडची चवळी. पुढे पुढे हळदीच्या जेवणाला राजमा-भात नसला तर पाहुणे तोंड वाकडं करू लागले.

"राजमा आपुन शिजवत नाही, थो सोता शिजते," मामा सांगत. "आपुन फक्त घाई कराची नाही." आदल्या संध्याकाळी तो भिजत पडला की मामांना शांत झोप लागे. स्वयंपाक करताना ते कधीही चव घेत नसत. देवाच्या अगोदर आचाऱ्याने तोंड लावू नये, हा त्यांचा कायदा. नुसता वास घेऊन मीठ सांगत. जिभेचं काम नाकाकडून करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरा एक कायदा त्यांनी व्रतासारखा पाळला होता. कामाच्या ठिकाणचं अन्न घरी आणायचं नाही, उरलेलंसुद्धा नाही. यजमानीण डबा भरून द्यायची, मामा तो तिथेच कुणाच्या तरी हातात ठेवून निघायचे. घरी येताना हातात झारा, सराटा आणि रिकामी पिशवी. "आचाऱ्याच्या पिशवीत बुंदीचा दाना सापडला तं थो दाना नसते, साहेब, चोरी असते." बायकोलाही ते आपल्या पंगतीत बसू देत नसत. तिच्या पानावर वाढप्याचा हात सैल सुटतो आणि लोकांचे डोळे मोठे होतात, असं त्यांचं म्हणणं. मला हा नियम फार आवडायचा. सरकारी नोकरीत असा माणूस शोधून सापडत नाही, असं मी चारचौघांत सांगत सुटायचो. त्यातली गोम माझ्या लक्षात आली नव्हती.

मामी म्हणजे मामांच्या अगदी उलट माप. अंगाने काडी, बोलणं नेमकं. चार पोळ्या लागणार असतील तर चारच करायच्या. पाचवी झाली तर ते त्यांना स्वतःचं अपयश वाटे. लग्न झाल्या झाल्या मामांनी एकदा घरी हौसेने भात टाकला होता, तो माणसं जेवून उरला आणि गुरांना दोन दिवस पुरला. तेव्हापासून मामींनी त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "तुमचा सैपाक मांडवात. हे माह्यं घर हाये, जत्रा नाही." हे काही भांडण नव्हतं. चाळीस वर्षं चाललेला तह होता, आणि दोघंही तो बिनबोभाट पाळत होते.

मी तिथे राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मामी अंगणातल्या शेवाळावरून घसरून पडल्या. खुबा मोडला. यवतमाळला ऑपरेशन झालं, ते चांगलंही झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चालायला लावा, पण त्याआधी अंगात ताकद येऊ द्या. अशाच उपाशी राहिल्या तर कायमच्या खाटेला खिळतील. आणि मामी तर खाईनात. औषधांनी तोंड कडू झालं होतं. मुलगी नागपूरहून येऊन पंधरा दिवस राहिली आणि आपल्या संसाराकडे परत गेली. मग शेजारणी आळीपाळीने डबे देऊ लागल्या. मामी दोन घास चिवडून ताटली बाजूला सारत. महिना होत आला तेव्हा मनगटं इतकी बारीक झाली होती की हात वर केला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरत. मामांनी कामं घेणं बंद केलं. चारशे माणसांना आग्रह करकरून वाढणारा हा गडी खाटेजवळ ताटली धरून "एक घास घे ना व, एकच घे," म्हणत बसलेला असायचा. मला ते बघवत नसे, म्हणून मी सकाळी लवकरच कामावर पळायचो. भित्रेपणाच, दुसरं काय.

एका दुपारी मामा औषधं आणायला गेले होते आणि जाताना मला खाटेजवळ बसवून गेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, काय खावंसं वाटतं? सांगा, कुठूनही आणतो."

त्यांनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, सारं कळंब याईच्या हातचं जेवलं. राजमा असा अन् राजमा तसा. बाया मले रस्त्यात थांबवून सांगतात. मी त्याचं निसतं नावच आयकलं. दिव्याखाली अंधार म्हनतात ना, थो मीच हाये."

"मग कधी मागितला का नाही?"

"मागून खाल्लं तं कायचं खाल्लं? याईच्या ध्यानात याले पाह्यजे होतं."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हे मामांना सांगायचं की नाही, यावर मी तासभर विचार केला. सांगावं तर मागितल्यासारखं होणार, न सांगावं तर बाई उपाशी. शेवटी सांगितलं. मामा दाराच्या पायरीवर बसून राहिले. हातातल्या गोळ्यांची पुडी त्यांनी दहा वेळा तरी उलटी-सुलटी केली.

"चाळीस वर्सं झाले," ते म्हणाले. "मले वाटे, मी इमानदारी करून राह्यलो. तिच्या पानाची तं मी मोजनीच नाही केली, साहेब."

त्याच संध्याकाळी राजमा भिजत पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तो अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली, वर गंज चढवलेला आणि मामा धुरात उभे. चाळीस वर्षं ज्याने घरच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, त्याला मांडवच माहीत. त्यांनी आपल्या मते अगदी थोडा, म्हणजे तीसेक माणसांपुरता राजमा टाकला होता. आता घरात महिनाभर अंथरुणाला खिळलेली बाई, अंगणात सकाळी सकाळी गंज, आणि धुराने व कांद्याने लाल झालेले मामांचे डोळे. गल्लीने काय समजायचं? समोरचा दुकानदार शटर अर्धं ओढून आला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. दोन म्हाताऱ्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून आल्या आणि दारातच बसल्या. त्यातल्या एकीने हुंदका दिला. "लय चांगली बाई होती व," ती म्हणाली.

आतून खणखणीत आवाज आला. "अजून जित्ती हाये मी!"

हसून हसून माझ्या तोंडातला फेस अंगणात सांडला. आलेली माणसं ओशाळली, मग तीही हसली, आणि मामांनी सगळ्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तीसचा अंदाज बरोबर निघाला. मामी मात्र जेवल्या नाहीत. ताटली समोर नेली तर त्यांनी तोंड फिरवलं. "अंगनात एवढा गंज पाह्यला का मले माह्यीच तेरवी दिसते. मी नाही खात." डोळे भरून आले होते त्यांचे. मामा गंज घासत बसले.

मग मी माझं शहाणपण पाजळलं. शंभर माणसांना राजमा किती, मी विचारलं. सहा किलो. मी कागद काढून त्रैराशिक मांडलं. माणशी साठ ग्रॅम, दोघांना एकशेवीस. तेल, तिखट, मीठ, कांदा, पाणी, सगळं मी दशांश चिन्हासकट लिहून काढलं, किराणावाल्याकडून वजनाचा छोटा काटा आणला आणि उंबऱ्याच्या आत बसून सगळं स्वतः मोजून दिलं. तह मोडायला मामींनी परवानगी दिली होती, तीही नाक मुरडून. काय झालं ते थोडक्यात सांगतो. गंजातलं पाणी आटायला अर्धा दिवस लागतो, पातेल्यातलं बघता बघता उडतं, हे माझ्या त्रैराशिकात नव्हतं. कांदा जळाला, दाणे तळाला चिकटले आणि जे वर राहिले ते गोट्यांसारखे वाजत होते. मामांनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "साहेब, तुमी वावरच मोजत जा."

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. महिन्याभरात पहिल्यांदा. आम्ही दोघं झाऱ्यासकट दारात जाऊन उभे राहिलो.

"काय पाहून राह्यले?" मामी म्हणाल्या. "रात्री पुन्हा भिजू घाला. पन थांबा. थो डबा आना माह्यापाशी."

मामांनी राजम्याचा डबा खाटेवर नेला. मामींनी त्यात हात घातला आणि मूठ भरून परातीत टाकली, मग दुसरी. मामांची एक मूठ म्हणजे मामींच्या तीन. परातीच्या तळाला ते दाणे नुसते विखुरलेले दिसत होते.

"आनखी एक मूठ टाकतो ना," मामा काकुळतीला आले.

"नाही."

"अन् कमी पडलं तं?"

ते खरोखर घाबरले होते. आचाऱ्याला अन्न कमी पडण्यापेक्षा मेलेलं परवडतं, आणि चाळीस वर्षं हीच भीती त्यांचं माप वाढवत आली होती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

मामी म्हणाल्या, "मांडवात कमी पडलं तं लाज जाते. घरात कमी पडलं तं पोळीवर भागते. झाका थो डबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांची खाट ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. मामींनी पडल्या पडल्या हुकूम सोडायचे आणि मामांनी ते पाळायचे, असा तो स्वयंपाक झाला. आच बारीक करा. झाकणावर पानी ठेवा. आता थेच गरम पानी आत सोडा. हात नोका लावू, शिजू द्या. मामा मध्येच अडून बसत, खाणीवरचा म्हातारा कसं करायचा ते सांगत, मामी ऐकून घेत आणि आपलंच करायला लावत. मसाला मात्र मामांचा. त्यात त्यांनी मामींना बोलू दिलं नाही आणि मामीही बोलल्या नाहीत. दाणा बोटात दाबला की लोण्यासारखा मऊ झाला तेव्हा मामांनी नाक पुढे करून वास घेतला.

"चाखा," मामी म्हणाल्या.

"देवाच्या अगुदर..."

"मी काय देव हाये? चाखा मुकाट्यानं."

मामांनी चमच्याने एक थेंब जिभेवर घेतला. डोळे मिटले, उघडले. आपण आयुष्यभर काय शिजवत आलो ते या माणसाला साठीनंतर कळत होतं. "मीठ कमी हाये," ते हळूच म्हणाले.

"मंग टाका ना. मले कायले सांगता?"

मऊ भात, त्यावर राजमा, वरून चिरलेला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मामांनी दाणे चमच्याने चेचून दिले. मामींना उशीला टेकवून बसवलं. मी आणि मामा दोन्ही बाजूंना उभे. "असे उभे नोका राहू दोघं, मी काय तमाशा हाये?" असं म्हणत त्यांनी पहिला घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग त्या खातच राहिल्या, शांतपणे, एका लयीत, शेतातून घरी आलेली बाई खाते तशा. ताटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती उचलून मामांपुढे धरली.

"वाढा," त्या म्हणाल्या.

मामांनी पातेलं खरवडून वाढलं. उरलं काहीच नाही. आम्ही दोघं उंबऱ्याशी बसून भातावर कच्चं तेल आणि तिखट घालून जेवलो, आणि मामा रडले. लपवलं नाही त्यांनी. घास गिळत होते, नाक पुसत होते आणि मधूनच मला कोपराने ढोसून म्हणत होते, "पाह्यलं काय साहेब? कमी पडला."

त्यानंतर मामा रोज उंबऱ्याच्या आत. मूगडाळ, वरण, अंडी, भाजी-पोळी, सगळं मामींच्या मुठीच्या मापाने. पोळ्या त्यांना कधीच गोल जमल्या नाहीत. मामी नावं ठेवत आणि खात. बांगड्या मनगटावर ठरू लागल्या. दसऱ्याच्या सुमाराला मामी वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत आल्या, दिवाळीला अंगणातल्या तुळशीपर्यंत. पुढच्या उन्हाळ्यात माझी वणीकडे बदली झाली. निघताना मामींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लग्न कर आता. एका मानसाचा सैपाक बरा नाही." केलं मी लग्न. आमच्या घरी राजमा बायकोच्या मुठीने मोजतात, आणि मला काट्याजवळ फिरकू देत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी कळंबला गेलो, तेव्हा दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. गुरुवार होता. मामी खाटेवर, पायावर गोधडी, चेहरा दुखणेकऱ्यासारखा. मामा स्वयंपाकघरात. त्यांनी मोठी कामं आता सोडली आहेत. राजमा शिजत होता.

"दर गुरुवारी दुखते तिचा पाय," मामा गंभीरपणे म्हणाले. "बाकी दिवस बरा राह्यते, सैपाक सोताच करते. गुरुवारी उठवतच नाही, मंग राजमा मलेच टाका लागते. डाक्टरालेही समजून नाही राह्यलं. बसा तुमी, मी सांबार घेऊन येतो."

मामा फाटकाबाहेर पडले मात्र, मामी ताडकन उठल्या, तरातरा आत गेल्या, टाचा उंच करून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि माझ्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले.

"मामी, पाय?"

"कोनता पाय?" त्या म्हणाल्या. मग गालातल्या गालात हसल्या. "बोलू नोको कुठी. पाय बरा हाये म्हनलं तं माह्या गुरुवार बंद होईन." फाटक वाजलं तेव्हा त्या गोधडीखाली होत्या.

आम्ही तिघं पोटभर जेवलो. मामा मला एसटी स्टँडवर पोचवायला आले. वाटेत माझ्या मनात चुळबूळ चालली होती. एवढा भला माणूस, त्याला असं फसवू द्यायचं का? एकदा मी बोलायला तोंडही उघडलं. तेवढ्यात बस आली, आणि मामा माझ्या हातात पिशवी देताना कानाशी वाकले.

"साहेब, तिचा पाय दोन वर्सांपासून ठणठणीत हाये. सकाळी मांजरामांगं धावतानी म्या सोता पाह्यलं. पन मले मालूम हाये म्हनून तिले सांगू नोका."

"का बरं, मामा?"

"दुखू द्या ना," मामा म्हणाले. "माह्ये चाळीस वर्सांचे गुरुवार द्याचे राह्यले हायेत."